दे आद्रियान पवनचक्की

नेदरलँड्समधील हार्लेम शहरात स्पार्ने नदीच्या काठी असलेली पवनचक्की. मूळ चक्की १७७९ मध्ये सुरू झाली आणि १९३२ मध्ये जळाली. आज दिसते ती २००२ मध्ये पुरी झालेली पुनर्बांधणी.

ॲमस्टरडॅमचे कारखानदार आद्रियान दे बोइस यांनी १७७८ मध्ये तटबंदीचा एक पडका बुरूज शहराकडून विकत घेतला आणि त्याच्याच पायावर चक्की उभारली. जागा हेरली ती धंद्याच्या नजरेने. नदीच्या बाजूने वारा अडवायला काही नाही आणि माल होडीतून थेट दारात. चक्कीला नाव मात्र स्वतःचेच दिले.

डच पवनचक्क्या पीठ दळतात नाहीतर शेतातले पाणी उपसतात, असा सर्वसाधारण समज आहे. दे आद्रियान यांपैकी कशासाठीच बांधलेली नव्हती. तिच्यात आधी दळला गेला तो दगड. जर्मनीच्या आयफेल भागातील ज्वालामुखीजन्य टफ दगडाची पूड चुन्यात मिसळली की तो चुना पाण्याखालीही घट्ट धरतो. कालवे, धक्के आणि जलद्वारांच्या देशात अशा मालाला गिऱ्हाइकांची वाण नव्हती. कातडी कमावण्यासाठी लागणारी ओकची सालही येथे कुटत. १८०२ मध्ये तंबाखूचे व्यापारी कॉर्नेलिस क्रान यांनी चक्की घेतली आणि तिच्यातून तपकीर निघू लागली. धान्य दळायला ती लागली १८६५ नंतर, म्हणजे बरीच उशिरा; तोवर वाऱ्याच्या भरवशावर धंदा परवडेनासा झाल्याने जोडीला वाफेचे इंजिनही आले.

चक्कीच्या कमरेला लाकडी सज्जा आहे. चक्कीवाला तेथे उभा राहून पात्यांच्या लाकडी जाळीवर शिडाचे कापड पसरतो. वारा मंद असेल तर पूर्ण, वाढला की गुंडाळून थोडेच. वाऱ्याची दिशा बदलली तरी चक्कीचे धड जागचे हलत नाही. माथ्यावरची टोपी तेवढी पात्यांसकट फिरवायची, तीही सज्जापर्यंत उतरलेल्या लांब दांड्याला ओढून. पात्यांना अडवणारा ब्रेक लाकडीच असतो. सोसाट्याच्या वाऱ्यात तो घासून पेटतो आणि अनेक जुन्या चक्क्यांचा घास अशाच आगींनी घेतला आहे.

विसाव्या शतकात चक्कीवर पाडण्याची वेळ आली, तेव्हा १९२५ मध्ये ‘दे हॉलंडसे मोलेन’ या पवनचक्क्या जपणाऱ्या संस्थेने ती विकत घेतली. पण २३ एप्रिल १९३२ रोजी ती आगीत भस्मसात झाली. कारण कधीच कळले नाही. हार्लेमकरांनी पुनर्बांधणीसाठी लगेच पैसे गोळा करायला सुरुवात केली, तरी प्रत्यक्ष काम सुरू व्हायला १९९९ साल उजाडले. २३ एप्रिल २००२ रोजी, आगीला बरोबर ७० वर्षे झाली त्या दिवशी, नवी चक्की खुली झाली. तिला जुनी म्हणणे काटेकोरपणे पाहता चूकच. जुना आहे तो फार तर पाया. आज तेथे संग्रहालय असून पाहुण्यांना धान्य दळण्याचे प्रात्यक्षिक दाखवतात.