आवाजाची गाठ: आरशापासून मायक्रोस्कोपपर्यंत

माझ्या मावशीनं पुण्यात तीस वर्षं शाळेत शिकवलं. एका पावसाळ्यात तिचा आवाज बसला तो तीन महिने उठलाच नाही. बाह्यरुग्ण विभागात दुर्बिणीतून दोन्ही स्वरतंतूंवर नोड्यूल, म्हणजे घासण्यानं येणारे छोटे फुगवटे, दिसले. ऑपरेशनच्या टेबलावर मात्र डावीकडे सिस्ट, म्हणजे द्रवानं भरलेली पिशवीसारखी गाठ, निघाली. उजवीकडचा फुगवटा त्या सिस्टच्याच घासण्यानं आला होता. हे आधी का कळलं नाही, असं आम्ही विचारलं. त्याचं उत्तर बरंच मागे जातं.

जिवंत माणसाचं हलतं स्वरयंत्र आरशात नीट पाहिलं ते गाण्याच्या गुरूनं, डॉक्टरनं नव्हे. मॅन्युएल गार्सिया यांनी १८५४ मध्ये पॅरिसला दातांच्या डॉक्टरचा लांब दांड्याचा आरसा स्वतःच्या घशात धरला आणि दुसऱ्या आरशानं त्यावर ऊन पाडलं. गाणाऱ्यांच्या आमच्या पुण्यात ही गोष्ट घरोघरी ठाऊक असायला हवी, असं मला मनापासून वाटतं. १८९५ मध्ये बर्लिनच्या डॉक्टर किर्स्टाइन यांनी आरसा बाजूला ठेवून सरळ नळीतून पाहिलं. तरी डोळा लांबच होता.

खरा बदल १९६० च्या दशकात झाला. जर्मनीचे सर्जन क्लाइनझासर यांनी त्या नळीसमोर ४०० मिलिमीटर नाभीय अंतराची लेन्स लावलेला मायक्रोस्कोप आणला. नळी रुग्णाच्या छातीवर टेकवून पक्की केली, की सर्जनचे दोन्ही हात मोकळे. पुढच्या दशकात जपानच्या डॉक्टर हिरानो यांनी दाखवून दिलं, की स्वरतंतू थरांचा असतो: आत स्नायू, वर मऊ आवरण. बाईमाणसाच्या बोलण्यात हे आवरण सेकंदाला साधारण दोनशे वेळा लहरतं. म्हणूनच गाठ कोणत्या थरात आहे, यावर सगळं ठरतं.

आणि ते नुसतं पाहून नेहमीच कळत नाही. भूल दिल्यावर स्वरतंतू निश्चल होतात. मग सर्जन बोथट सळईनं गाठ हलकेच दाबतो, बाजूला सरकवतो, तंतूची कड उलटवून खालची बाजू बघतो. नोड्यूल वरवरचा असतो. सिस्ट आवरणाखाली दाण्यासारखी हाताला लागते. मग वरची त्वचा उचलून सिस्ट अलगद सोडवायची आणि त्वचा परत जागेवर बसवायची. ओरबाडलं तर तिथं व्रण धरतो आणि आवाज कायमचा खरखरीत होतो. काढलेला तुकडा पॅथॉलॉजीला जातोच.

मावशी नंतर आठवडाभर पाटीवर लिहून बोलत होती. पहिल्या दिवशी तिनं लिहिलं, ‘चहा’.