फुलदाणीचे चित्र आणि रेशमावरचा नमुना: पार्राच्या फुलांबाबतची गल्लत

मिगेल पार्रा (१७८०–१८४६) या स्पॅनिश चित्रकाराची फुलांची चित्रे पाहून 'छान नक्षी आहे, कापडावर शोभेल' असे म्हणणाऱ्यांची मला मनापासून चीड येते. गल्लतीला कारण आहे, हे मान्य केले पाहिजे. पार्रा वालेन्सियाचा, आणि तेथील सान कार्लोस अकादमीतील फुले व अलंकरणाची शाळा रेशीम विणणाऱ्यांना नवे नमुने मिळावेत यासाठीच राजाज्ञेने उभी राहिली होती. पार्राचे गुरू बेनितो एस्पिनोस (१७४८–१८१८) हे तिचे संचालक होते. त्यामुळे विणकराचा नमुना आणि भिंतीवरचे चित्र या दोहोंसाठी फूल गिरवण्याचे शिक्षण एकाच छपराखाली मिळत होते.

इंटरमिजिएटच्या रेखाकला परीक्षेला बसलेल्या वाचकाला संकल्पचित्र, म्हणजे दिलेल्या आकारात बसवलेली नक्षी, समजावण्याची गरज नाही. विणकामासाठी त्यात एवढीच भर पडते की नमुना चौकटींच्या कागदावर उतरवावा लागतो आणि रंग वाढले की धोटे व मजुरीही वाढतात. फुलदाणीतल्या फुलांच्या चित्राला स्पॅनिशमध्ये फुलदाणीचाच शब्द आहे, 'फ्लोरेरो'. खाद्यपदार्थ आणि भांड्यांचे स्थिरचित्र ते 'बोदेगोन'. ही नावे लक्षात ठेवली की पुरे.

खरी अडचण पुढे आहे. बहुतेक जण छायाप्रकाशावरून फरक ओळखू पाहतात: छटा असतील तर चित्र, सपाट रंग असेल तर नमुना. ही कसोटी टिकत नाही, कारण अठराव्या शतकातले निष्णात विणकर धाग्यांतूनही पाकळीची गोलाई दाखवत असत. माझ्या मते कसोटी पुनरावृत्तीची आहे. नमुन्याचा डावा काठ उजव्या काठाला आणि वरचा खालच्याला जुळावा लागतो, म्हणून त्यातले प्रत्येक फूल पुन्हा पुन्हा येणार हे गृहीत धरूनच काढलेले असते. अशा फुलाला अपघात परवडत नाही. फ्लोरेरोमध्ये जड फुलाने देठ वाकतो, एखादा गुलाब पाठमोरा वळून पाकळ्यांऐवजी हिरवी निदले दाखवतो, मागची फुले अंधारात बुडतात, आणि कठड्यावर गळून पडलेली पाकळी त्या एकाच जागी, एकदाच पडलेली असते. तीच पाकळी कापडावर घ्या: वीतभर अंतराने ती पुन्हा दिसली की ती गळलेली राहत नाही, बुट्टी होते. नमुन्यातल्या फुलाला वजन नसते आणि वेळही नसते. पार्राच्या फुलाला दोन्ही असतात, आणि म्हणूनच ते नक्षी नव्हे.

या गल्लतीत भर घालण्याचे काम आजकाल छापील वस्तू करतात. जुन्या फ्लोरेरोतला एखादा गुच्छ कापून, मागची काळोखी आणि खालचा कठडा काढून टाकून, तो उशीच्या अभ्र्यावर ओळीने छापला जातो. चित्रकाराने फुलांमागे अंधार ठेवला होता तो पुढच्या पाकळीवर उजेड दिसावा म्हणून. पांढऱ्या कापडावर त्या पाकळीची उजळ कड नाहीशी होते आणि मागची सावलीतली पाने नुसती मळकट दिसू लागतात.