ओंबीवर चढून बसणारा उंदीर

गिल्बर्ट व्हाइट हे इंग्लंडमधल्या सेलबोर्न गावचे धर्मोपदेशक. 1767-68च्या सुमारास त्यांनी शेतातले दोन चिमुकले उंदीर तराजूत घातले. पलीकडच्या पारड्यात होतं तांब्याचं अर्ध्या पेनीचं एक नाणं. दोघे मिळून त्या नाण्याला जेमतेम भारी पडले! आजच्या हिशेबात एकेकाचं वजन पाच ग्रॅमच्या आतच भरतं. पुढे 1771मध्ये निसर्गशास्त्रज्ञ पीटर पल्लास यांनी या जातीचं शास्त्रीय वर्णन केलं आणि नाव दिलं ‘मिनुटस’, म्हणजे इवलासा. हाच तो हार्वेस्ट माउस. ब्रिटनपासून थेट जपानपर्यंत तो आढळतो.

प्रौढ हार्वेस्ट माउस साधारण 4 ते 6 ग्रॅमचा असतो. धड पाच-सात सेंटिमीटर आणि शेपूट जवळपास तेवढंच. घरात शिरणारा उंदीर त्याच्या तिप्पट-चौपट तरी भरतो.

हा हलकेपणा त्याच्या चांगलाच कामी येतो. प्राण्याची लांबी दुप्पट झाली, की वजन आठपट होतं. म्हणून घरातला उंदीर गव्हाच्या काडीवर चढू पाहील, तर काडी आडवी होईल. हार्वेस्ट माउस मात्र थेट ओंबीपर्यंत पोचतो. मागच्या पायांनी काडी पकडायची, शेपटाच्या टोकाचा वेढा शेजारच्या काडीला घालायचा, की पुढचे दोन्ही पंजे दाणा सोलायला मोकळे. घरटंही तिथेच, जमिनीपासून वर. गवताची पाती दातांनी उभी चिरायची, पण देठापासून तोडायची नाहीत, आणि त्यांचाच गोळा विणायचा. भिंती हिरव्या राहतात आणि घरटं सहसा नजरेत येत नाही.

अर्थात लहान असण्याची किंमत मोजावी लागते. शरीर जितकं छोटं, तितका वजनाच्या मानाने त्वचेचा पसारा मोठा आणि उष्णता गमावण्याचा वेगही जास्त. दर ग्रॅममागे या उंदराचं शरीर माणसाच्या साधारण दहापट ऊर्जा खर्च करतं. त्यामुळे रात्र असो वा दिवस, थोडं खायचं, थोडं झोपायचं, पुन्हा खायचं.

मात्र वजनाच्या आकड्यावर फार विसंबू नये. एकाच उंदराचं वजन पोट भरलेलं असताना वेगळं आणि रिकामं असताना वेगळं. गाभण मादी तर 10 ग्रॅमच्या पुढे जाते, म्हणजे जवळजवळ दुप्पट. मग सरासरी काढताना तिला धरायचं की वगळायचं? पिल्लू जन्मतः एक ग्रॅमही नसतं, पण जेमतेम सोळा दिवसांत ते स्वतःचं पोट भरू लागतं. जात ओळखायची असेल, तर मागच्या पावलाची आणि शेपटाची लांबी जास्त भरवशाची, कारण ती जेवणानुसार बदलत नाही.

वजन करायची पद्धत साधीच: उंदीर पिशवीत घालायचा, पिशवी स्प्रिंगच्या काट्याला टांगायची आणि नंतर रिकाम्या पिशवीचं वजन वजा करायचं. पण आधी तो सापडायला हवा ना! उन्हाळ्यात तो काड्यांवरच वावरतो, त्यामुळे जमिनीवरच्या पिंजऱ्यात क्वचितच शिरतो. शिरलाच, तरी एवढ्याशा भाराने दार पाडणारी कळ दबेलच असं नाही. म्हणून गणना करणारे अभ्यासक बहुतेकदा उंदरामागे लागतच नाहीत. गवत वाळलं, की ते उघडी पडलेली घरटी शोधतात. दहा सेंटिमीटरच्या आसपासचा गोळा दिसला, तर तिथे पिल्लं वाढली असं मानायचं. त्याहून बराच लहान असेल, तर एकट्या उंदराची झोपायची जागा.