जॅग्वार (मोटार कंपनी)

जॅग्वार ही इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहरात वाढलेली, आलिशान आणि वेगवान मोटारगाड्या बनवणारी कंपनी. २००८ पासून तिची मालकी टाटा समूहाकडे आहे. रोल्स-रॉइस आणि बेंटली यांच्याबरोबर तिचे नाव घेतले जात असले, तरी तिची रीत निराळी होती. रूपात आणि वेगात बड्या गाड्यांच्या तोडीची, पण किमतीत त्यांच्या बरीच खाली, अशी गाडी देण्यावर तिने नाव कमावले. हा मेळ संस्थापक विल्यम लायन्स यांनी जमवला आणि तो जिथे जिथे सुटला, तिथे कंपनी अडचणीत आली.

लायन्स मूळचे ब्लॅकपूल या समुद्रकाठच्या गावचे. शेजारी राहणारे विल्यम वॉम्सली मोटारसायकलला जोडायच्या देखण्या साइडकार बनवत. लायन्स यांनी त्यात धंदा ओळखला. १९२२ मध्ये दोघांच्या वडिलांच्या हमीवर बँकेकडून हजार पौंडांची उचल घेऊन ‘स्वॉलो साइडकार’ सुरू झाली. तेव्हा लायन्स जेमतेम एकवीस वर्षांचे होते. पाच वर्षांत ऑस्टिन सेव्हन या साध्या, स्वस्त गाडीच्या चासीवर (चाके आणि इंजिन बसवलेल्या खालच्या चौकटीवर) आपली डौलदार बॉडी चढवून ते विकू लागले. १९२८ मध्ये त्यांनी बस्तान कॉव्हेंट्रीला हलवले. कुशल कामगार आणि सुटे भाग पुरवणारे कारखाने दोन्ही तिथे हाताशी होते.

१९३१ ची ‘एसएस वन’ ही त्यांची स्वतःच्या नावाची पहिली गाडी. लांबलचक बॉनेट आणि बुटके छप्पर यांमुळे ती भारी दिसे, इंजिन मात्र साधेच होते. जॅग्वार हे नाव १९३५ मध्ये आले. त्या वर्षी लंडनच्या एका हॉटेलात नवी गाडी दाखवून लायन्स यांनी पाहुण्यांना किमतीचा अंदाज करायला सांगितला. लोकांचे सरासरी उत्तर सहाशे पौंडांच्या पुढे गेले. खरी किंमत चारशेच्या आत होती. महायुद्धानंतर ‘एसएस’ ही अक्षरे नाझी संघटनेची आठवण करून देऊ लागली, म्हणून १९४५ मध्ये कंपनीचेच नाव ‘जॅग्वार कार्स’ झाले.

लायन्स यांनी रेखाटनाचे रीतसर शिक्षण घेतले नव्हते. ते पत्र्याच्या कारागिरांना हाताशी धरून थेट पूर्ण आकाराचा नमुना उभा करवत आणि इथे थोडे खाली, तिथे थोडे आत, असे सांगत राहत. नमुना घराच्या अंगणात ठेवून उजेडात चहूबाजूंनी न्याहाळायचा, न पटल्यास पुन्हा पत्रा ठोकायला लावायचा. कागदावरच्या रेघांपेक्षा या नजरेनेच जॅग्वारला रूप दिले, असे म्हणणे रास्त ठरेल.

इंजिनाची कथा युद्धकाळातली. बॉम्बहल्ल्यांत लागणाऱ्या आगींवर लक्ष ठेवण्यासाठी कारखान्यात रात्रपाळीचा पहारा असे. त्या पहाऱ्यावर लायन्स आणि त्यांचे अभियंते विल्यम हेन्स, वॉल्टर हॅसन व क्लॉड बेली शांततेच्या काळातल्या इंजिनाची चर्चा करत बसत. त्यातून सहा सिलिंडरांचे, दोन कॅमशाफ्टचे (इंजिनाच्या झडपा उघडणाऱ्या दांड्यांचे) ‘एक्सके’ इंजिन जन्मले. ते जगाला दाखवण्यासाठी १९४८ च्या लंडन प्रदर्शनात ‘एक्सके १२०’ ही स्पोर्ट्स कार मांडली. मोजक्याच गाड्या बनवण्याचा बेत होता, म्हणून बॉडी लाकडी चौकटीवर ॲल्युमिनियमचा पत्रा चढवून हाताने घडवली जाई. पण मागणी इतकी लोटली की साच्यांतून काढलेल्या पोलादी पत्र्याकडे वळावे लागले. १९४९ मध्ये बेल्जियमच्या याबेके इथल्या सरळ रस्त्यावर या गाडीने ताशी २१३ किलोमीटरचा वेग गाठला. हे इंजिन पुढे १९९२ पर्यंत उत्पादनात राहिले.

फ्रान्समधल्या ल मांच्या २४ तासांच्या शर्यतीत जॅग्वारने १९५१, १९५३, १९५५, १९५६ आणि १९५७ अशी पाच विजेतेपदे मिळवली. यांतला १९५३ चा विजय तांत्रिकदृष्ट्या सर्वांत मोलाचा. डनलॉपबरोबर विकसित केलेले डिस्क ब्रेक ‘सी-टाइप’ या शर्यतीच्या गाडीला बसवले होते, त्यामुळे चालकांना वळणाच्या अगदी जवळ येईपर्यंत वेग राखता येई. १९५५ च्या विजयावर मात्र ऐंशीहून अधिक माणसांचा बळी घेणाऱ्या अपघाताची छाया आहे.

मार्च १९६१ मध्ये जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात ‘ई-टाइप’ आली. पत्रकारांची झुंबड उडाल्यावर चाचणीचालक नॉर्मन ड्युइस यांना दुसरी गाडी कॉव्हेंट्रीहून रातोरात चालवत आणावी लागली. विमान कारखान्यातून आलेल्या माल्कम सेयर यांनी गणिताने बांधलेला तिचा आकार आजही डोळ्यांत भरतो. ताशी सुमारे २४० किलोमीटरचा दावा आणि किंमत दोन हजार पौंडांच्या आसपास, म्हणजे ॲस्टन मार्टिनच्या जवळजवळ निम्मी. १९७४ पर्यंत अशा बहात्तर हजारांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या.

त्यानंतरची घसरण कारखान्यापेक्षा कारभारातली होती. १९६६ मध्ये ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनशी आणि १९६८ मध्ये लेलँडशी विलीनीकरण झाले आणि ‘ब्रिटिश लेलँड’ उभी राहिली. १९७५ मध्ये लेलँडचे राष्ट्रीयीकरण झाले. ‘एक्सजे ६’ सारखी उत्तम गाडी हाती असूनही संप, निकृष्ट सुटे भाग आणि ढिसाळ जोडणी यांनी नाव खराब केले. १९८० मध्ये आलेल्या जॉन ईगन यांनी दर्जा सावरला, १९८४ मध्ये खासगीकरण झाले आणि १९८९ मध्ये फोर्डने १.६ अब्ज पौंड मोजून कंपनी घेतली. फोर्डने पैसा ओतला. पण मोंडेओ या फोर्डच्याच साध्या गाडीच्या पायावर उभी केलेली ‘एक्स-टाइप’ जाणकारांना रुचली नाही.

२००८ मध्ये टाटा मोटर्सने लँड रोव्हरसह ही कंपनी २.३ अब्ज डॉलरना विकत घेतली. पाठोपाठ जागतिक मंदी आली आणि मुंबईतल्या मालकांवर कर्जाचा मोठा भार पडला. तरीही नव्या गाड्यांवरचा खर्च थांबला नाही. काही मॉडेलांची जुळणी पुण्यातही होऊ लागली. २०१३ ची ‘एफ-टाइप’ आणि २०१९ मध्ये ‘वर्ल्ड कार ऑफ द इयर’ ठरलेली विजेवरची ‘आय-पेस’ ही त्या काळाची देणगी. नफ्याचा भार मात्र लँड रोव्हरच वाहत राहिली. २०२१ मध्ये जॅग्वार पूर्णपणे विजेवर नेण्याचे जाहीर झाले आणि २०२४ मध्ये नव्या बोधचिन्हासह ‘टाइप ००’ हा नमुना दाखवण्यात आला. नवी गाडी एक लाख पौंडांच्या वर जाईल असे कंपनीने सांगितले आहे, म्हणजे जॅग्वारने आता बेंटलीच्या गिऱ्हाइकावर नजर ठेवली आहे.