अ‍ॅनालॉग सिंथेसायझर (बडोदे)

विजेच्या दाबातील चढउतारांमधून थेट ध्वनी घडवणारे वाद्य म्हणजे अ‍ॅनालॉग सिंथेसायझर. त्यात तार नसते, रीड नसते, कातडे नसते आणि आधी साठवून ठेवलेला आवाजही नसतो. गरब्याच्या ऑर्केस्ट्रात दिसणारा आजचा कीबोर्ड यापेक्षा वेगळा. त्याच्या पोटात आवाजांचे आकडे साठवलेले असतात, पट्टी दाबली की ते बाहेर येतात. अ‍ॅनालॉग यंत्रात मात्र सूर दर वेळी नव्याने निर्माण होतो, आणि तो दर वेळी तंतोतंत तसाच येईल याची खात्री नसते. दर्दी लोक त्यावर जीव टाकतात तो याच कारणाने. बडोद्यात अशी मंडळी मोजकीच, पण यंत्राच्या सुराची तक्रार या गावाला नवी नाही.

यंत्राची रचना समजायला सोपी आहे. ऑसिलेटर मूळ लहर देतो. ती करवतीसारखी, चौकोनी किंवा त्रिकोणी असते. फिल्टर त्या कर्कश लहरीतले वरचे स्वरांश छाटतो. अ‍ॅम्प्लिफायर आवाज लहानमोठा करतो आणि एन्व्हलप तो कसा उठावा, किती टिकावा, कसा विरावा हे ठरवतो. गंमत अशी की या सगळ्यांना हुकूम देणारी गोष्ट एकच, ती म्हणजे व्होल्टेज. रॉबर्ट मोग यांनी १९६४ च्या सुमारास ही पद्धत रुळवली. (आडनावाचा उच्चार ‘मोग’. ‘मूग’ म्हणणाऱ्याला हौशी मंडळी लगेच हटकतात.) त्यांच्या यंत्रांत एक व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक वर जातो. कोयलीच्या रिफायनरीत किंवा खत कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनचे काम केलेल्या माणसाला हे वेगळे समजवावे लागत नाही. तिथे व्हॉल्व्ह किती उघडायचा हे ४ ते २० मिलिअँपिअरचा प्रवाह सांगतो, इथे सूर किती चढवायचा हे व्होल्ट सांगतो, एवढाच फरक.

सुराला व्होल्ट लागू झाल्यामुळे जे शक्य झाले, त्याचे महत्त्व बडोद्यात बसून नीट कळते. गायक मौलाबक्षांनी सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८८६ साली इथे गायनशाळा सुरू केली. पुढे मार्च १९१६ मध्ये पहिली अखिल भारतीय संगीत परिषद बडोद्यातच भरली. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि आय.सी.एस. अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स यांची श्रुति-हार्मोनियम हा त्या परिषदेतला वादाचा विषय होता. बावीस श्रुती, म्हणजे सप्तकातले सूक्ष्म सूर, पेटीत पक्क्या बसवता येतात असा त्यांचा दावा होता, संगीतशास्त्रकार भातखंड्यांना तो मान्य नव्हता. यंत्राला रागाचा गांधार काढता येईल का, हा प्रश्न तेव्हापासून या गावच्या दप्तरी आहे.

आता आकडे पाहा. बारा समान भागांच्या पट्टीत शुद्ध गांधार षड्जापासून ०.३३३ व्होल्टवर येतो. तानपुऱ्यातून ऐकू येणारा नैसर्गिक गांधार ०.३२२ व्होल्टवर असतो. म्हणजे फरक सुमारे ११ मिलिव्होल्टचा. पंचमात तो जेमतेम १.६ मिलिव्होल्ट, कानाला न जाणवणारा. पेटीत हा फरक मिटवायचा तर रीड घासावी लागते. सिंथेसायझरला जोडलेल्या जुन्या अ‍ॅनालॉग सिक्वेन्सरवर (ठरवलेले सूर एकामागून एक वाजवणाऱ्या भागावर) प्रत्येक पायरीला स्वतंत्र गोल बटण असते. मोगच्या ९६० क्रमांकाच्या सिक्वेन्सरवर अशा आठ-आठ बटणांच्या तीन ओळी होत्या. तानपुरा लावून बसावे आणि प्रत्येक बटण कानाने फिरवत दरबारीचा अतिकोमल गांधार शोधावा. कोणत्याही पट्टीचे बंधन नाही. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत नेणारे ग्लाइडचे बटण मोगच्या छोट्या यंत्रावर, मिनिमोगवर, आहेच. त्याला मींड म्हणणे मात्र फार होईल. मींडेत वाटेवर थांबे असतात, ग्लाइड नुसता उतार आहे.

पण जे बटण हवा तो सूर देते, तेच तो हरवतेही. ऑसिलेटरमधील ट्रान्झिस्टरचा स्वभाव तापमानावर अवलंबून असतो. काहीच उपाय केला नाही तर दर अंश सेल्सिअसला सप्तकाचे माप सुमारे ०.३३ टक्के, म्हणजे चार सेंट बदलते (सेंट म्हणजे सप्तकाचा बाराशेवा भाग). पाच अंशांत वीस सेंट. आपल्या शास्त्रातली प्रमाणश्रुति साडेएकवीस सेंटची, म्हणजे पंखा बंद करून खिडकी उघडली की यंत्र जवळजवळ एक श्रुती सरकले! मे महिन्यात पारा बेचाळीसच्या घरात जाणाऱ्या गावात ही थट्टेची गोष्ट नाही. उत्पादकांनी यावर उपाय योजले. तापमानाबरोबर बदलणारा रोधक ट्रान्झिस्टरच्या जोडीला चिकटवला, तर काही यंत्रांत ती जोडी मुद्दाम तापवून एकाच तापमानावर धरली. तरीही वाजवण्याआधी अर्धा तास यंत्र चालू ठेवायचे आणि मग सूर लावायचा, हा शिरस्ता राहिला. तानपुऱ्याचे मणी सरकवण्यात हयात घालवलेल्या घरांत याचे कुणाला नवल वाटत नाही. नवल वाटते ते कीबोर्डवाल्याला.

भारतातला मोगचा पहिला महत्त्वाचा मुक्काम बडोद्यापासून शंभर-एक किलोमीटरवर, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत होता. १९६९ साली अमेरिकन वादक-संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तिथे मोगचा मॉड्युलर (सुटे भाग तारांनी जोडून वाजवायचा) संच आणि टेपरेकॉर्डर यांचा स्टुडिओ उभारला. यामागे पखवाजवादक गीता साराभाई होत्या. १९४६ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन संगीतकार जॉन केज यांना भारतीय संगीत शिकवले होते आणि त्यांच्याकडून पाश्चात्त्य संगीत शिकून घेतले होते. आकाशवाणीने १९४० पासून पेटीला दार बंद केले होते आणि ते १९७१ पर्यंत बंदच होते. म्हणजे पेटी रेडिओबाहेर उभी असताना मोग साबरमतीकाठी येऊन बसला होता. १९७२ पर्यंत तिथे गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा यांनी काम केले. त्या टेपा पुढे अनेक वर्षे पडून होत्या. ब्रिटिश कलाकार पॉल पर्गस यांनी त्या पुन्हा उजेडात आणल्या.

परदेशातला इतिहास थोडक्यात असा. १९७० च्या सुमारास आलेल्या मिनिमोगने भिंतभर पसरलेले यंत्र टेबलावर आणले, पण त्यातून एका वेळी एकच सूर निघे. १९७८ च्या प्रॉफेट-५ ने एकदम पाच सूर दिले आणि बटणांची मांडणी लक्षात ठेवायची सोयही दिली. त्याआधी वादक ती कागदावर टिपून ठेवत. १९८३ मध्ये यामाहाचा डीएक्स७ हा डिजिटल वाद्यांचा लाडका आला. तो कधी बेसूर होत नसे, वजनाला हलका होता आणि किमतीलाही परवडणारा. व्यावसायिक वादकांनी जुनी यंत्रे विकून टाकली. त्याच सुमारास मुंबईच्या चित्रपटसृष्टीतले वादक चरणजित सिंग यांनी रोलंड या जपानी कंपनीची टीबी-३०३, टीआर-८०८ आणि जुपिटर-८ ही यंत्रे जोडून डिस्कोच्या ठेक्यावर राग वाजवलेली तबकडी काढली. तेव्हा ती फारशी कुणी ऐकली नाही. पंचवीसेक वर्षांनी, शिकागोच्या अ‍ॅसिड हाउस या नृत्यसंगीताशी असलेले तिचे साम्य ध्यानात आल्यावर, जगभर तिची चर्चा झाली.

मराठी घरांत अ‍ॅनालॉग ऑसिलेटर शिरला तो अगदी वेगळ्या दाराने, इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याच्या रूपाने. बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी १९७९ मध्ये पहिला इलेक्ट्रॉनिक तानपुरा तयार केला. दांडिया बाजारातल्या एखाद्या माळ्यावर जुना डबा सापडला आणि त्याच्या बटणाने सूर सरकताना ऐकला, तर तो सिंथेसायझरचाच साधा, देवभोळा भाऊ समजावा.

जुने यंत्र पाळणे ही हौस खर्चिक, आणि त्याहून अधिक चिकाटीची. पहिला धडा विजेचा. जपानी बाजारातले यंत्र १०० व्होल्टचे, अमेरिकेतले १२० चे आणि आपला बोर्ड २३० चा. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर न लावता प्लग घातला की धूर निघतो. दुसरे दुखणे कपॅसिटरचे. चाळीस वर्षांत ते सुकतात किंवा फुगतात आणि आवाजात गुणगुण येते. पॉट आणि फेडर, म्हणजे फिरवायची आणि सरकवायची बटणे, धुळीने खरखरतात, त्यावर कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा. बॅटरी गळून सर्किट खाल्ले नाही ना, हे विकत घेण्याआधी झाकण उघडून पाहावे. रोलंडच्या जुनो-१०६ मध्ये आवाजाच्या चिपांवर ओतलेला लेपच कालांतराने वीज वाहू लागतो आणि एकेक सूर बंद पडतो. त्या चिपा अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून लेप उतरवणे हा हौशींमधला प्रसिद्ध आणि थोडा अघोरी इलाज आहे. पावसाळ्यात पट्ट्यांखालच्या संपर्कांना ओल धरते. बडोद्यात त्यात नवरात्राची भर. गरब्याच्या दिवसांत रिपेअरवाला ऑक्टापॅड आणि कीबोर्ड सोडून दुसऱ्या कशाला हात लावत नाही. म्हणून यंत्र दुरुस्तीला टाकायचे तर श्रावणाआधी, नाहीतर थेट दिवाळीनंतर.

अलीकडे जुन्यांच्या नव्या आवृत्त्या निघाल्या आहेत. कॉर्गने १९७८ च्या एमएस-२० चे मूळच्या ८६ टक्के आकाराचे रूप २०१३ मध्ये आणले. जर्मनीच्या डीटर डॉपफर यांनी नव्वदच्या दशकाच्या मध्यात रुळवलेल्या युरोरॅक मापामुळे तर एकेक मॉड्युल घेत स्वतःचा संच जुळवता येतो. १२८.५ मिलिमीटर उंचीची पट्टी, बारा व्होल्टचा पुरवठा, बाकी मर्जी आपली. एमएस-२० त्यात सरळ जोडायला मात्र जाऊ नये. तो ‘एक सप्तक, एक व्होल्ट’ हा हिशेब पाळत नाही, त्याच्यात सूर एक सप्तक चढवायला व्होल्टेज दुप्पट करावे लागते. नवा माणूस इथे हमखास फसतो, आणि यंत्र बिघडले म्हणून उगाच आतला सूर जुळवण्याचा स्क्रू, म्हणजे ट्रिमर, फिरवत बसतो.