देवमाशाची हाडे: कुठे टिकली, कुठे फस्त झाली

मेलेल्या प्राण्याचा जीवाश्म होईपर्यंत नेमके काय घडते, याच्या अभ्यासाला रशियन शास्त्रज्ञ इव्हान येफ्रेमोव्ह यांनी १९४० मध्ये ‘टॅफोनॉमी’ हे नाव दिले. त्याआधी १९२७ मध्ये जर्मनीत योहानेस वायगेल्ट यांनी मृतदेहांच्या निरीक्षणांवर अख्खे पुस्तक लिहिले होते. कलेवर लवकर गाळाखाली गेले तर टिकते, एवढे तेव्हापासून सर्वमान्य आहे. पण किनाऱ्यापासून दूर, खोल समुद्रात हजार वर्षांत जेमतेम काही मिलिमीटर गाळ साचतो. तोवर उघड्यावर पडलेल्या हाडांचे काय होते?

याचा पहिला मोठा धागा १९८७ मध्ये हाती लागला. कॅलिफोर्नियाजवळ १,२४० मीटर खोलीवर ‘अल्विन’ पाणबुडीला देवमाशाचा सांगाडा दिसला. मांस केव्हाच संपले होते, तरी हाडांमधल्या चरबीवर जिवाणू आणि त्यांच्या जिवावर शिंपले जगत होते.

खरा धक्का बसला तो २००२ मध्ये, कॅलिफोर्नियातल्याच माँटेरे उपसागराच्या सागरी दरीत. सुमारे २,९०० मीटर खोलीवरच्या सांगाड्यावर लाल तुऱ्यांचे किडे अक्षरशः उगवलेले होते. २००४ मध्ये त्यांचे ‘ओसेडॅक्स’ असे नामकरण झाले. या किड्याला तोंड नाही, आतडे नाही. मादी हाडात मुळ्या रोवते, आम्लाने हाड विरघळवते आणि आतले अन्न मुळ्यांमधल्या जिवाणूंच्या मदतीने वापरते. सूक्ष्म नर तिच्या शरीराभोवतीच्या नळीतच राहतात. श्वासासाठी तुरा पाण्यात हवा, त्यामुळे गाळात पुरते गाडलेले हाड त्याच्या तावडीतून बरेचसे वाचते.

पुढे जुन्या हाडांत त्याची भोके सापडू लागली. २०१० मध्ये सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वीच्या देवमाशांत, तर २०१५ मध्ये इंग्लंडमधल्या सुमारे १० कोटी वर्षांपूर्वीच्या प्लेसिओसॉर या समुद्री सरपटणाऱ्या प्राण्याच्या हाडात. म्हणजे देवमासे अवतरण्याआधीपासून हा किडा हाडे फस्त करत आला आहे. नाजूक हाडांचे किती प्राणी त्याने जीवाश्मांच्या नोंदीतून पुसून टाकले असतील, हा मला या विषयातला सर्वांत अस्वस्थ करणारा प्रश्न वाटतो.

याच्या अगदी उलट उदाहरण चिलीतल्या सेरो बायेनाचे. २०१० मध्ये अटाकामा वाळवंटात महामार्ग रुंद करताना तिथे देवमाशांचे सांगाडे निघाले, मोठ्या देवमाशांचेच चाळीसहून अधिक. २०१४ च्या अभ्यासानुसार विषारी शेवाळाच्या उद्रेकांत ते समुद्रातच मेले, भरतीच्या सपाट किनाऱ्यावर वाहत आले आणि तिथे गाळाखाली गेले. कित्येक सांगाड्यांचे सांधेही निखळलेले नाहीत. मृतभक्षकांच्या खुणा तुरळक आहेत आणि त्याही बहुधा खेकड्यांच्या.