प्रोटॉन व न्यूट्रॉन यांचे चुंबकीय परिबल

अणूच्या केंद्रकातले प्रोटॉन आणि न्यूट्रॉन हे इवले चुंबकच आहेत. त्या चुंबकाचे बळ सांगणारी राशी म्हणजे चुंबकीय परिबल. वर्गात सगळे ‘मॅग्नेटिक मोमेंट’च म्हणतात. केंद्रकीय मॅग्नेटॉन या एककात प्रोटॉनचे परिबल २.७९३, न्यूट्रॉनचे −१.९१३. उणे चिन्ह दिशेचे: न्यूट्रॉनचे परिबल त्याच्या स्पिनच्या (कणाच्या अंगभूत फिरकीच्या) उलट असते.

कण निव्वळ बिंदू असते, तर भौतिकशास्त्रज्ञ डिरॅकच्या सिद्धांताप्रमाणे प्रोटॉनला १ आणि प्रभारहीन न्यूट्रॉनला शून्य मिळायला हवे होते. ऑटो स्टर्न व सहकाऱ्यांनी १९३३ मध्ये हॅम्बुर्गला प्रोटॉनचे परिबल मोजले, ते अपेक्षेच्या दुपटीहून जास्त भरले. न्यूट्रॉनचे थेट मापन अल्वारेझ व ब्लॉक यांनी १९४० मध्ये केले.

या कणांच्या पोटात काय दडले आहे, हे १९६४ च्या क्वार्क कल्पनेने उलगडले: ते क्वार्क नावाच्या आणखी लहान कणांचे बनलेले आहेत. प्रोटॉनमध्ये दोन ‘अप’ (प्रभार +२/३) व एक ‘डाउन’ (−१/३). न्यूट्रॉनमध्ये याच्या उलट. न्यूट्रॉनमध्ये प्रभारांची बेरीज शून्य होते, चुंबकत्वाची होत नाही. सारख्या दोन क्वार्कांचे स्पिन एका दिशेला जुळतात, तिसऱ्याचा कल बहुतांशी विरुद्ध. अप व डाउन यांचे वस्तुमान समान धरून डाउनचे परिबल −१ मानले, तर अपचे +२. स्पिनच्या या जुळणीमुळे सारख्या क्वार्काचे परिबल ४/३ पट आणि तिसऱ्याचे −१/३ पट धरायचे. मग प्रोटॉन: (४×२ + १)/३ = ३; न्यूट्रॉन: (−४ − २)/३ = −२. गुणोत्तर −१.५, प्रयोगात −१.४६. पाठकोऱ्या कागदावरच्या हिशेबाला हे उत्तर जरा जास्तच चांगले म्हणावे लागेल, कारण त्यात सगळा स्पिन क्वार्कांचाच धरला आहे, आणि १९८० च्या दशकात ‘सर्न’ या युरोपीय संशोधन केंद्रातील प्रयोगांत प्रोटॉनच्या स्पिनमधला क्वार्कांच्या स्पिनचा वाटा फारच थोडा निघाला. बाकीचा वाटा क्वार्कांना जोडून ठेवणाऱ्या ग्लुऑनांचा आणि क्वार्कांच्या भ्रमणाचा.

प्रोटॉनचे परिबल एमआरआयमध्ये कामी येते. ठाण्यात एमआरआयला गेले की किल्ल्या, पट्टा, मंगळसूत्र बाहेर ठेवायला लावतात. आतला १.५ टेस्लाचा चुंबक अंगातल्या पाण्याचे प्रोटॉन सेकंदाला सुमारे ६.४ कोटी वेळा भोवऱ्यासारखे डुलवतो. एफएमच्या पट्ट्याच्या जरा खालची ही कंप्रता. न्यूट्रॉनचे परिबल खाडीकाठी कामी येते. मुंबईतल्या ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीतले न्यूट्रॉन झोत पदार्थांवर सोडतात. प्रभार नसल्याने न्यूट्रॉन खोलवर शिरतो, आणि स्वतःच चुंबक असल्याने आतल्या अणूंची चुंबकीय मांडणी टिपून आणतो.